सिस्टर खाईल असं ताट

माझे दोन्ही गुडघे कामातून गेलेले आहेत. ट्रॅक्टरखाली आडवं होऊन आणि उकिडवं बसून आयुष्य काढलं, त्याचं हे फळ. जमिनीवर बसलो तर उठवायला माणूस लागतो, आणि घरात तसा माणूस नाही. त्यामुळे पीठ मळायचं झालं तर मी ते जेवायच्या टेबलावर उभ्याउभ्याच मळतो. बायको स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सांगते आणि मी करतो. दोन वर्षांपासून आमच्या घरातली बहुतेक कामं अशीच चालतात.

ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. दारव्ह्यात भाजीवालीपासून तहसीलच्या साहेबापर्यंत सगळे तिला सिस्टर म्हणतात. ऐकून ऐकून मीही घरात सिस्टरच म्हणायला लागलो. माझं गॅरेज होतं म्हणून मी मिस्त्री. ती मात्र मला कधी मिस्त्री म्हणाली नाही, ‘अवो’ म्हणते.

आम्ही ख्रिस्ती. इथे आमची घरं थोडी, पण नाताळात सिस्टरचं ताट गावभर जायचं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ती दवाखान्यातून आली की पदर खोचून कामाला लागायची. करंज्या, शंकरपाळे, रव्याचा केक आणि नानकटाई. नानकटाईचं पीठ घरी मळायचं आणि घमेल्यात घालून बाजारातल्या बेकरीत न्यायचं. तिथे दुपारी पाव निघाले की भट्टी मोकळी असते, लोक आपापला माल भाजून घेतात. घमेलं नेणं आणि भाजलेले डबे आणणं एवढंच माझं काम होतं. तीसेक घरी ताटं जायची, प्रत्येकावर तिने विणलेला क्रोशाचा रुमाल. रुमाल परत यायचे, त्यांच्याबरोबर कोणाच्या घरची सांडगी-पापडी यायची, कोणाकडून तिळाचे लाडू.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी तिच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी चहाचा कप उचलायला गेली आणि हात उठलाच नाही. यवतमाळला नेलं, पंधरा दिवस तिथे राहिलो, मग घरी आणलं. बोलणं बरंचसं परत आलं, उजवा पाय ओढत का होईना चालायला लागला, उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तसा राहतो. साखर तिला आधीपासून होती. डॉक्टरांनी गोड, तूप, तळलेलं सगळं बंद केलं आणि तिच्याऐवजी माझ्याकडे बघून म्हणाले, आता तुम्ही लक्ष ठेवायचं.

तेव्हापासून मी लक्ष ठेवतो आहे. सकाळी बोटाला सुई टोचून मशीनवर साखर बघायची, इंजेक्शन द्यायचं, भाजीत तेल मोजून घालायचं, आंघोळ, वेणी, हाताला मालिश. वेणी मला अजून नीट जमत नाही. लेक पुण्याला असते, ती फोनवर म्हणते, बाबा, एखादी बाई ठेवा. ठेवल्या दोन. सिस्टरने दोघींनाही हात धुवायची रीत शिकवता शिकवता पळवून लावलं.

पहिल्या वर्षीच्या नाताळात मी काही करण्याच्या अवस्थेत नव्हतो. मागच्या खेपेला म्हटलं, ताटं तर गेली पाहिजेत. बेकरीतून नानकटाई, केक आणि मिठाईच्या दुकानातून बर्फी आणली, रुमाल झाकून वाटली. घरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी तेच ताट बैठकीत ठेवलं. सिस्टरसाठी मी वेगळ्या बशीत दोन साधी बिस्किटं आणि पेरूच्या फोडी ठेवल्या होत्या. लोक येत होते, खात होते, सिस्टर कुठे आहे विचारत होते. ती आतल्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी बोलवायला गेलो तर म्हणाली, “माह्या घरचं ताट, अन् मलेच त्याले हात लावता येत नाही. मी कायले बाहेर येऊ?”

पाहुण्यांना मी सांगितलं, झोप लागली आहे.

यंदा नोव्हेंबरमध्ये तिने विषय काढला. मी तिच्या पायाला तेल लावत होतो.

“अवो, यंदा ताट घरीच करू.”

“कोन करन?”

“तुमी कराल. मी सांगतो तसं.” आमच्याकडे बायकाही ‘सांगतो’ म्हणतात, आणि ती रागात किंवा निश्चयात असली की हमखास तसं म्हणते. “मले खाता येईन असंच करायचं. साखर नाही, तळन नाही. अन् तेच समद्यायच्या घरी पाठवायचं. दोन ताटं करायची नाहीत.”

मला फक्त पीठ दिसत होतं, भांडी दिसत होती, बेकरीच्या खेपा दिसत होत्या. मी तेलाची बाटली बंद केली आणि म्हणालो, बघू.

लेकीला कळलं तेव्हा ती खूश झाली. तिने फोनवर एकामागून एक व्हिडिओ पाठवले. त्यातल्या बायका बदामाचं पीठ आणि कसली कसली तेलं वापरत होत्या. दारव्ह्याच्या बाजारात त्यातलं निम्मं मिळत नाही आणि उरलेलं मला ओळखू येत नाही. मग तिने कुरिअरने साखरेऐवजी घालायची एक पांढरी पावडर पाठवली. चिमूटभर टाकली की झालं, म्हणाली.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी मी पहिला घाणा केला. मैद्याऐवजी निव्वळ ज्वारीचं पीठ घेतलं, तूप जवळजवळ नाहीच, गोडीला ती पावडर. चिमूटभर म्हणजे किती हे मला कळलं नाही. पीठ एकत्र येईना. वळलं की तडकायचं. कसेबसे पेढ्यासारखे गोळे थापून घमेल्यात मांडले आणि मोपेडवर पुढे ठेवून बेकरीत गेलो.

बेकरीवाले चाचा माझ्याच वयाचे. भट्टीसमोरच्या बाकावर बसून त्यांनी रुमाल उचलून पाहिलं.

“मिस्त्री, हे काय आनलं?”

“नानकटाई.”

“यात तूप कुठं हाय?”

“सिस्टरले चालत नाही.”

ते घमेल्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग पत्र्यावर मांडून त्यांनी ते भट्टीत सारलं. बाहेर आले ते कडेने काळे, मधून पांढरे आणि ब्रेकच्या पट्टीइतके कडक. चाचांनी एक तोडून तोंडात टाकलं, बराच वेळ चावलं आणि पाणी प्यायले. मग म्हणाले, “घरी दाखव सिस्टरले.”

सिस्टरने एक तुकडा चहात बुडवून खाल्ला. तिचं तोंड एका बाजूने अजून जड आहे, चावायला वेळ लागतो. मी समोर उभा होतो. गुडघे ठणकत होते, टेबलावर पीठ सांडलेलं होतं, ओट्यावर भांड्यांचा ढीग होता.

“कडू हाय,” ती म्हणाली.

“मंग सोडून दे,” मी म्हणालो. “मी थकलो सिस्टर. सकाळपासून उभा हाय. बाजारातून आनतो अन् वाटून टाकतो. तुले पायजे तं तुह्यासाठी वेगळं काही तरी करतो. पन गावाले पथ्य खाऊ घालाची काय गरज हाय?”

मी तिच्याशी असं बोलत नाही. दवाखान्यातून आणल्यापासून तर नाहीच. ती खाली मान घालून बसली. मला वाटलं रडते आहे, पण ती रडत नव्हती. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक सरळ करत होती.

“पलीकडच्या गल्लीतली ताई,” ती म्हणाली, “जिचा पाय कापला. तिच्या घरी आपलं ताट किती वर्सं गेलं?”

“गेलं असन. समद्यायच्याच घरी जाते.”

ही ताई बौद्ध समाजातली. तिचा नवरा होता तोवर त्याचा ट्रॅक्टर माझ्याकडे दुरुस्तीला यायचा. बुद्ध पौर्णिमेची खीर तिच्याकडून आमच्याकडे यायची आणि नाताळचं ताट आमच्याकडून तिच्याकडे जायचं. तीन-चार वर्षांपूर्वी तिच्या पायाची जखम चिघळली आणि घोट्याच्या वरून पाय काढावा लागला.

“तिची साखर मीच तपासत होती,” सिस्टर म्हणाली. “दर महिन्याले सांगत होती, बाई, गोड सोड. अन् नाताळ आला का मीच ताट पाठवत होती. एका जानेवारीत ती दवाखान्यात आली, साखर चढलेली. मी चार लोकायसमोर तिले रागावली. तं मले म्हने, सिस्टर, तुमच्याच घरच्या करंज्या खाल्ल्या. दवाखान्यातल्या बाईनं देल्ल्या म्हनजे चालत असतीन, असं वाटलं मले.”

“करंजीनं पाय जात नाही कोनाचा.”

“हे मलेबी समजते. मी नर्स हाय. पन डोक्यातून जात नाही ना.”

इतक्या वर्षांत हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. बसताना गुडघा कडकन वाजला. मग तीच म्हणाली, “ज्वारीले गरम पानी लागते. भाकरीले नाही का लागत? तुमी थंड पान्यानं मळलं असन.”

मी थंड पाण्यानेच मळलं होतं.

दुसरा घाणा चार दिवसांनी केला. ती पांढरी पावडर डब्यात बंद करून वर ठेवली आणि लेकीला सांगितलं, वापरतो आहे. खजूर रात्रभर भिजवून, शिजवून, चमच्याने घोटून घेतला. ज्वारीचं पीठ गरम पाण्याने मळून जरा वेळ झाकून ठेवलं, त्यात निम्मी कणीक घातली. सिस्टरने दोन चमचे तुपाची परवानगी दिली, अख्ख्या परातीला दोन चमचे. जवस भाजून कुटला. दारात संत्री विकणारा आला होता, त्याच्याकडून घेतलेल्या संत्र्यांची साल किसून टाकली. ते तिचंच डोकं. साल किसताना बोट सोललं गेलं तर म्हणाली, हात धुवा आधी, मग पट्टी लावा, मग पीठ फेका थोडं, रक्त लागलं तेवढं. मी फेकलं.

या खेपेला चाचांनी पत्रा एकदम आत सारला नाही. भट्टीच्या दाराजवळ, जिथे आच मंद लागते, तिथे ठेवला. “याले घाई चालत नाही,” ते म्हणाले. “तुपाचा माल फटाफट भाजते. याले बसू द्या आरामानं.” मीही बाकावर आरामानं बसलो. भट्टीची ऊब गुडघ्यांना बरी वाटत होती आणि मला तिथून उठावंसंच वाटेना. बिस्किटं बाहेर आली ती बदामी रंगाची, जरा चिवट, पण मोडली की संत्र्याचा वास यायचा. चाचांनी एक खाल्लं, मग दुसरं उचललं. तेवढ्यावरून मला कळलं.

सिस्टरने अख्खं बिस्किट खाल्लं. हातात धरून, चहात न बुडवता. “हे जाईन ताटात,” म्हणाली.

मग रोज थोडं थोडं करत राहिलो. बिस्किटं, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, आणि करंज्यांऐवजी खजूर-तिळाचं सारण भरून त्याच भट्टीत भाजलेल्या पुऱ्या. एक दिवस मळायचं, एक दिवस भाजायचं, एक दिवस नुसतं पडून राहायचं. तीस घरांचं जमलं नाही, अठरावर थांबलो. कोणाला वगळायचं यावर आमची पुन्हा बोलाचाली झाली.

चोवीस तारखेला संध्याकाळी चर्चची मुलं गाणी म्हणत दारी आली. सिस्टर बैठकीत बसली होती, क्रीम रंगाची साडी नेसून, वेणी वाकडी. तिने डाव्या हाताने ताट पुढे केलं. मुलांनी एकेक उचललं, थँक्यू आंटी म्हणाली. मुलं गेल्यावर मी दारापुढच्या ओट्यावरून तीन अर्धवट खाल्लेली बिस्किटं गोळा केली आणि सिस्टरला दिसू न देता टाकली.

नाताळच्या दिवशी प्रार्थनेहून आल्यावर ताटं घेऊन मोपेडवर निघालो. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने रुमाल उचलून विचारलं, “मिस्त्री, सिस्टर बिमार पडली तं नाताळबी पथ्यावर ठेवला काय?” मी हसलो. एका घरी बाई म्हणाली, छान आहे हो, हेल्दी आहे, आणि ताट तसंच फ्रिजवर ठेवलं. दोन घरी मात्र म्हाताऱ्या माणसांनी तिथेच खाल्लं आणि कसं केलं ते विचारलं. प्रत्येक घरी तेच सांगून सांगून माझा आवाज बसला.

ताईचं घर शेवटी ठेवलं होतं. ती अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. शेजारी वॉकर, मांडीवर सुपात हिरवे सोले. मला पाहून तिने पदर सारखा केला.

“या भाऊ. सिस्टर कशी हाय?”

“बरी हाय. ताट पाठवलं.”

तिने ताटाला हात लावला नाही. दोन्ही हात सुपावर तसेच ठेवले. “आता मी कोनाघरचं गोड घेत नाही, भाऊ. सिस्टरले वाईट वाटन, पन नातीले देऊन टाकतो मी.”

“यात साखर नाही, ताई. ज्वारी हाय अन् खजूर. तोबी थोडा. तुमीबी थोडंच खा.”

“सिस्टर सोता खाते काय हे?”

“खाते. तिच्या ताटातलंच हाय. घरात दुसरं काही केलंच नाही.”

तिने हात पदराला पुसले आणि एक बिस्किट उचललं. सावकाश खाल्लं. खाताना ती माझ्याकडे नाही, रस्त्याकडे बघत होती. खाऊन झाल्यावर म्हणाली, “संत्र टाकलं काय यात?” मी हो म्हणालो. तिने उरलेल्या ताटावर रुमाल नीट झाकून ते बाजेवर स्वतःजवळ ठेवलं.

तिथून घरी येताना एक गोष्ट मी केली, ती सांगितलीच पाहिजे. बसस्टँडजवळच्या हॉटेलात थांबलो आणि दोन गुलाबजाम खाल्ले. गरम होते. तीन आठवडे ज्वारी आणि खजूर हाताळून माझ्या तोंडाला काही तरी दुसरं हवं होतं. हॉटेलवाला म्हणाला, “आज तुमचा सन, अन् गोड इथं खाता?” मी म्हणालो, हाव, इथं खातो.

घरी आल्यावर लपवता आलं असतं. पण सिस्टरने शर्टावरचा पाकाचा डाग पाहिला आणि मी सांगून टाकलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, “कसा होता?”

“गरम होता.”

“विलायची होती काय त्यात?”

“होती.”

“मले नसतं सांगितलं तं बरं झालं असतं,” ती म्हणाली आणि मग, थोड्या वेळाने, ताई काय म्हणाली ते विचारलं. मी सगळं सांगितलं. ताईने खाल्लं हे मी दोनदा सांगितलं, कारण तिने दोनदा विचारलं.

पुढच्या दोन दिवसांत मी ओटा घासला, डबे धुऊन उन्हात पालथे घातले. मशीनवर सिस्टरची साखर नाताळाआधी होती तेवढीच होती. उतरली नाही, चढली नाही. लेक फोनवर म्हणाली, बघा, फायदा झाला ना. तिच्या पावडरचा डबा अजून वरच होता.

सत्तावीसला दुपारी दारात ऑटो थांबला. ताई उतरली, वॉकर टेकत टेकत पायरीपर्यंत आली. ऑटोवाल्याने ताट आणि सोल्यांची पिशवी आत आणून दिली. सिस्टर उठायला लागली तर ताई म्हणाली, बस ना, तू कायले उठतं. दवाखान्यात ती तिला नेहमी तुमी म्हणायची. आज तू म्हणाली आणि सिस्टरलाही ते खटकलं नाही.

“मले शिकव ते,” ताई म्हणाली. “गरम पान्यानं मळते म्हने ज्वारी.”

“माह्या एका हातानं काय शिकवू तुले?”

“तू तोंडानं सांग. हात माहे दोन हायेत, पाय एक हाय. होईन.”

मी उठून चहा ठेवायला लागलो तर सिस्टर म्हणाली, “अवो, तुमी जा. झोपा जरा. आमचं आमी पाहू.”

मी आत जाऊन पडलो. बाहेरून परात सरकल्याचा आवाज येत होता. जवस किती भाजायचा यावरून दोघींचं काही तरी चाललं होतं, मग पायाबद्दल, हाताबद्दल, कोणत्या डॉक्टरकडे किती वेळ बसावं लागतं त्याबद्दल. सिस्टर करंज्यांची गोष्ट काढेल असं वाटून मी कान देऊन ऐकत होतो. तिने काढली की नाही मला माहीत नाही. दोन वर्षांत दुपारी मला झोप लागली नव्हती, त्या दिवशी लागली, आणि जाग आली तेव्हा उन्हं खाली गेली होती.